एचआयव्हीविरुद्ध शरीराची पहिली फळी: इंटरफेरॉन

एचआयव्ही शरीरात शिरल्यावर त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे तयार व्हायला काही आठवडे लागतात. पण शरीर तोपर्यंत हातावर हात ठेवून बसलेले नसते. संसर्ग झालेल्या पेशी आणि रक्तातल्या काही खास पांढऱ्या पेशी सुरुवातीच्या दिवसांतच एक प्रकारची प्रथिने सोडू लागतात. ही प्रथिने आजूबाजूच्या पेशींना धोक्याची सूचना देतात आणि त्या पेशी विषाणूला तोंड देण्याची तयारी करतात. या प्रथिनांना ‘इंटरफेरॉन’ म्हणतात.

एचआयव्हीच्या बाबतीत इंटरफेरॉनची भूमिका सरळसोट नाही. संसर्गाच्या सुरुवातीला इंटरफेरॉन विषाणूला आवर घालते. मात्र तीच सूचना महिनोन्‌महिने चालू राहिली, तर प्रतिकारशक्ती थकते आणि आजार पुढे सरकायला मदत होते. म्हणून ‘इंटरफेरॉन चांगले की वाईट’ या प्रश्नाचे उत्तर ‘कोणत्या वेळी आणि किती काळ’ यावर अवलंबून असते. हा लेख ते उत्तर समजावून सांगतो.

इंटरफेरॉन म्हणजे काय?

एका विषाणूचा संसर्ग झालेल्या पेशींमध्ये दुसऱ्या विषाणूला शिरकाव करणे अवघड जाते, हे शास्त्रज्ञांना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ठाऊक होते. त्यामागचे कारण मात्र सापडत नव्हते. १९५७ मध्ये लंडनच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत अलिक आयझॅक्स आणि ज्याँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातील पडद्याचे तुकडे घेतले आणि त्यांच्यावर उष्णतेने निष्क्रिय केलेला इन्फ्लुएन्झाचा विषाणू सोडला. काही तासांनी त्या तुकड्यांभोवतीचा द्रव त्यांनी ताज्या तुकड्यांना दिला, तेव्हा ताजे तुकडेही विषाणूला दाद देईनात. याचा अर्थ, पेशींनी द्रवात काहीतरी सोडले होते. विषाणूच्या वाढीत अडथळा आणणारा, म्हणजे ‘इंटरफिअर’ करणारा, म्हणून त्या पदार्थाला ‘इंटरफेरॉन’ हे नाव मिळाले. जपानमध्ये यासुइची नागानो आणि यासुहिको कोजिमा यांनीही १९५४ मध्ये असाच विषाणूरोधक घटक असल्याचे नोंदवले होते.

पुढे कळले की इंटरफेरॉन हा एकच पदार्थ नसून प्रथिनांचे एक कुटुंब आहे. त्याचे तीन प्रकार मानतात.

• पहिला प्रकार: यात अल्फा आणि बीटा हे मुख्य. अल्फाचेच डझनभर उपप्रकार आहेत. शरीरातील जवळपास प्रत्येक पेशी या प्रकारची सूचना ओळखू शकते.
• दुसरा प्रकार: यात एकटे गॅमा इंटरफेरॉन येते. ते मुख्यतः टी पेशी आणि नैसर्गिक मारक पेशी तयार करतात.
• तिसरा प्रकार: लॅम्डा. याचे काम प्रामुख्याने आतडे, श्वसनमार्ग आणि जननमार्ग यांच्या अस्तरावर चालते.

एचआयव्हीशी पहिली झुंज पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनची असते, म्हणून पुढे नुसते ‘इंटरफेरॉन’ म्हटले असेल तिथे हाच प्रकार समजावा. गॅमाची गोष्ट वेगळी आहे. ती शेवटाकडे स्वतंत्रपणे दिली आहे.

विषाणू आला हे पेशीला कसे कळते?

एचआयव्हीचा जनुकीय मजकूर आरएनएच्या रूपात असतो. पेशीत शिरल्यावर विषाणू स्वतःच्या ‘रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज’ या विकराच्या साहाय्याने त्याची डीएनए प्रत बनवतो. ही प्रत पेशीच्या केंद्रकात जाते आणि तिथे माणसाच्या गुणसूत्रात मिसळते. या प्रवासात विषाणू दोन ठिकाणी पकडला जाऊ शकतो.

पहिले ठिकाण प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशी. रक्तात त्या फार थोड्या असतात, पण इंटरफेरॉन तयार करण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. त्यांच्यातील ‘टीएलआर-७’ हा संवेदक विषाणूचा आरएनए ओळखतो आणि पेशी भराभर इंटरफेरॉन सोडू लागते.

दुसरे ठिकाण खुद्द संसर्ग झालेली पेशी. डीएनए केंद्रकात असावा, पेशीद्रवात नसावा, हा पेशीचा नियम. पेशीद्रवात डीएनए दिसला की ‘सीगॅस’ नावाचे प्रथिन त्याला धरते आणि ‘स्टिंग’ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला सावध करते. त्यातून इंटरफेरॉनची निर्मिती सुरू होते. एचआयव्ही-१ मात्र यात फार सहज सापडत नाही. तो आपली डीएनए प्रत कॅप्सिड या प्रथिनांच्या कवचाआड ठेवतो. शिवाय पेशीतीलच ‘ट्रेक्स-१’ हे विकर बाहेर सांडलेला डीएनए साफ करून टाकते, त्याचाही विषाणूला फायदा होतो.

पेशीबाहेर पडलेले इंटरफेरॉन शेजारच्या पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहींना चिकटते. मग पेशीच्या आत एक साखळी सुरू होते. ‘जॅक-१’ आणि ‘टिक-२’ ही विकरे ‘स्टॅट’ नावाच्या प्रथिनांना कामाला लावतात, ती प्रथिने केंद्रकात जातात आणि शेकडो जनुके एकाच वेळी चालू होतात. दवंडी पिटली की अख्ख्या गावाने दारांना कड्या लावाव्यात, तसे हे होते. म्हणजे इंटरफेरॉन स्वतः विषाणूला मारत नाही. मारण्याची आणि अडवण्याची कामे या चालू झालेल्या जनुकांची प्रथिने करतात.

कड्या कोणत्या आणि विषाणूच्या चाव्या कोणत्या?

या प्रथिनांपैकी काही थेट एचआयव्हीच्या वाटेत उभी राहतात. त्यांना ‘रोधक घटक’ म्हणता येईल. गेल्या दोन दशकांत यांच्यातील महत्त्वाचे घटक एकामागोमाग एक सापडले.

• अपोबेक-३जी (२००२): हे प्रथिन तयार होणाऱ्या नव्या विषाणूंमध्ये शिरून बसते. तो विषाणू पुढच्या पेशीत डीएनए प्रत बनवू लागला की हे त्या प्रतीत ढिगाने चुका घालते. मजकूर इतका बिघडतो की विषाणू निकामी होतो. त्यावर उपाय म्हणून एचआयव्हीकडे ‘व्हिफ’ हे प्रथिन आहे. ते अपोबेकला पेशीच्या कचराकुंडीकडे पाठवते, म्हणजे पेशीच्याच यंत्रणेकडून नष्ट करवते.

• ट्रिम-५ अल्फा (२००४): हे विषाणूच्या कवचाला पकडून त्याचे वेळेआधीच तुकडे करते. ऱ्हीसस माकडातील ट्रिम-५ अल्फा एचआयव्ही-१ ला चांगलेच अडवते. माणसातील प्रथिन त्या मानाने कमजोर पडते. प्राण्यांतला एखादा विषाणू माणसात येतो आणि दुसरा येत नाही, यामागे असे बारीक फरक असतात.

• टेथरिन (२००८): नवे विषाणू पेशीतून बाहेर पडताना हे त्यांना दावणीला बांधावे तसे पेशीच्या पृष्ठभागालाच बांधून ठेवते. एचआयव्ही-१ चे ‘व्हीपीयू’ हे प्रथिन ती दावण सोडवते.

• सॅमएचडी-१ (२०११): डीएनए बनवायला लागणारा कच्चा माल हे पेशीतून कमी करते, त्यामुळे विषाणूची प्रत अर्धवट राहते. एचआयव्ही-२ कडे यावर ‘व्हीपीएक्स’ हे उत्तर आहे, एचआयव्ही-१ कडे नाही. म्हणून डेंड्रायटिक पेशींसारख्या काही पेशींत एचआयव्ही-१ ला वाढणे जड जाते.

• एमएक्स-२ (२०१३): विषाणूची डीएनए प्रत केंद्रकात पोचण्याच्या टप्प्यावर हे अडथळा आणते.

यादी पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. एचआयव्हीकडे अवघी नऊ जनुके आहेत आणि त्यांतील काही जवळपास पूर्णपणे इंटरफेरॉनने उभ्या केलेल्या अडथळ्यांना तोंड देण्यासाठीच राखलेली आहेत. विषाणूने आपल्या छोट्याशा शिदोरीतील एवढा वाटा यावर खर्चावा, यावरूनच ही फळी त्याला किती जाचक ठरत असावी ते कळते.

पहिले काही आठवडे: ताप आणि संधी

संसर्गानंतरचे साधारण पहिले दहा दिवस रक्तात विषाणू सापडत नाही. त्यानंतर त्याची संख्या झपाट्याने वाढते आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास शिखर गाठते. रक्तात विषाणू दिसू लागताच शरीरातील सूचना देणाऱ्या प्रथिनांची लाट उसळते. त्या लाटेत अगदी आधी वर जाणाऱ्यांत अल्फा इंटरफेरॉन असते.

या काळात बऱ्याच जणांना ताप, अंगदुखी, सांधेदुखी, घसा दुखणे, अंगावर पुरळ, गाठी सुजणे असा त्रास होतो. फ्लूमध्येही असेच अंग मोडून येते. हा निव्वळ योगायोग नाही. औषध म्हणून इंटरफेरॉनचे इंजेक्शन घेणाऱ्यालाही असाच ताप आणि अंगदुखी होते. म्हणजे सुरुवातीच्या या तापात विषाणूइतकाच शरीराच्या प्रतिसादाचाही वाटा असतो.

भारतात या टप्प्याचा महत्त्वाचा अभ्यास पुण्यात झाला. देशात एचआयव्हीचा संसर्ग पहिल्यांदा उघड झाला तो १९८६ मध्ये मद्रासमध्ये. चेन्नईत स्थायिक झालेल्या गायतोंडे या मराठी कुटुंबात जन्मलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी ते काम केले. त्यानंतर १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरी येथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, सुरू झाली. नारीच्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकाऱ्यांबरोबर पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत येणाऱ्या लोकांची तपासणी केली. प्रतिपिंडांची चाचणी निगेटिव्ह आलेल्यांच्या रक्तात त्यांनी विषाणूचे ‘पी-२४’ हे प्रथिन शोधले. ते सापडले, म्हणजे संसर्ग अगदी ताजा होता. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ताप, सांधेदुखी आणि रात्री येणारा घाम यांचा अशा ताज्या संसर्गाशी संबंध दिसला. या अभ्यासात इंटरफेरॉन मोजलेले नव्हते. पण इंटरफेरॉनची लाट उसळते तो हाच काळ.

या काळाचे मोल दोन कारणांनी मोठे आहे. एक, रक्तात विषाणू भरपूर असल्यामुळे दुसऱ्याला संसर्ग होण्याची शक्यता तेव्हा जास्त असते. दोन, याच सुमारास विषाणू लसिका गाठींत आणि आतड्यातील पेशींत दडून बसायला सुरुवात करतो. असा गुणसूत्रात मिसळलेला, निपचित पडलेला साठा पुढे कोणत्याही औषधाने पूर्ण जात नाही.

इंटरफेरॉनच्या दबावाचा पुरावा खुद्द विषाणूतही सापडतो. एका व्यक्तीकडून दुसरीकडे जाताना असंख्य विषाणूंपैकी बहुधा एखादाच नव्या शरीरात पाय रोवतो. संसर्ग देणाऱ्याच्या शरीरातील विषाणू आणि घेणाऱ्याच्या शरीरात टिकलेले विषाणू यांची प्रयोगशाळेत तुलना केली, तेव्हा टिकलेले विषाणू इंटरफेरॉनला अधिक दाद न देणारे आढळले. म्हणजे शिरकावाच्या दारावर इंटरफेरॉन चाळणी लावते आणि त्या चाळणीतून चिवट विषाणूच पार होतात.

तीच सूचना ओझे कधी होते?

फ्लूमध्ये विषाणू आठवड्याभरात हटतो आणि इंटरफेरॉनही ओसरते. उपचार न घेतलेल्या एचआयव्हीत विषाणू हटत नाही, त्यामुळे दवंडी थांबत नाही. १९८० च्या दशकात एड्सच्या रुग्णांच्या रक्तात इंटरफेरॉन भरपूर सापडले, तेव्हा डॉक्टर चक्रावले. विषाणूरोधक पदार्थ एवढा असूनही रुग्ण खालावत होते. पुढे कळत गेले की सततचे इंटरफेरॉन काही प्रकारे नुकसान करते. टी पेशी कायम उत्तेजित राहतात आणि शेवटी थकतात. काही सीडी४ पेशी स्वतःहून मरण पत्करतात. शिवाय दवंडी ऐकून संसर्गाच्या जागी नव्या सीडी४ पेशी धावून येतात आणि एचआयव्हीला तर नेमक्या त्याच पेशी हव्या असतात.

शरीराच्या स्वतःच्या रसायनांचा अतिरेक घातक ठरणे, ही कल्पना रायगड जिल्ह्यातील महाड-पोलादपूर भागाला नवी नाही. १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण जवळून पाहिले. विंचवाच्या विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो आणि तो पूर हृदय व फुप्फुसांना घातक ठरतो. ते रसायन ज्या ग्राहींवर काम करते, ते ग्राही अडवणाऱ्या प्रॅझोसिन या औषधामुळे विंचूदंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले. विंचवाचे विष आणि एचआयव्ही यांचा एकमेकांशी संबंध नाही. तत्त्व मात्र सारखे आहे: हल्लेखोराइतकेच लक्ष शरीराच्या प्रतिसादाकडेही द्यावे लागते.

मग एचआयव्हीतही इंटरफेरॉनचे ग्राही अडवले तर? याचे उत्तर शोधताना माकडांवरील अभ्यासांचा मोठा उपयोग झाला. एचआयव्हीचा भाऊबंद असलेला ‘एसआयव्ही’ हा विषाणू आफ्रिकेतील सूटी मँगाबे आणि आफ्रिकी हिरव्या माकडांत पिढ्यान्‌पिढ्या राहतो. त्यांच्या रक्तात विषाणू भरपूर असतो, तरी त्यांना सहसा एड्स होत नाही. आशियातील ऱ्हीसस माकडांना मात्र त्याच गटातील विषाणूने एड्स होतो. दोन्हींत सुरुवातीला इंटरफेरॉनची जनुके जोरात चालू होतात. फरक पुढे पडतो. आफ्रिकी माकडांत ती काही आठवड्यांत शांत होतात, ऱ्हीसस माकडांत चालूच राहतात.

२०१४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ऱ्हीसस माकडांवरील प्रयोगाने वेळेचे महत्त्व आणखी स्पष्ट केले. एका गटात संसर्गाच्या अगदी सुरुवातीला इंटरफेरॉनचे ग्राही अडवले. त्या माकडांत विषाणूचा साठा वाढला आणि एड्स लवकर झाला. दुसऱ्या गटाला विषाणूशी संपर्क येण्याच्या काळात अल्फा इंटरफेरॉन दिले. सुरुवातीला त्याने संसर्ग रोखून धरला. पण ते देत राहिल्यावर पेशी त्याला सरावल्या आणि विषाणूरोधक जनुके मंदावली. मग संसर्ग झाला तेव्हा साठा वाढला आणि सीडी४ पेशीही वेगाने घटल्या. थोडक्यात, लवकर अडवणे घातक आणि लांबवणेही घातक.

जुन्या संसर्गात ग्राही अडवून पाहण्याचे प्रयोगही झाले. मानवी प्रतिकारपेशी बसवलेल्या उंदरांत २०१७ मध्ये त्याचा फायदा दिसला: टी पेशी सावरल्या आणि औषधे चालू असताना विषाणूचा साठा घटला. माकडांत मात्र तसा स्पष्ट लाभ मिळाला नाही. त्यामुळे हा मार्ग अजून प्रयोगशाळेतच आहे.

गॅमा इंटरफेरॉन आणि क्षयरोग

गॅमा इंटरफेरॉनचे एक मोठे काम म्हणजे महाभक्षी पेशींना गिळलेले जंतू मारायला चेतवणे. क्षयाचा जंतू याच पेशींत लपतो. त्याला आवरणारे गॅमा इंटरफेरॉन मोठ्या प्रमाणावर सीडी४ पेशींकडून येते आणि एचआयव्ही नेमक्या त्याच पेशी कमी करतो. म्हणूनच एचआयव्हीसह जगणाऱ्यांत क्षयाचा धोका कैक पटींनी वाढतो आणि भारतात या लोकांच्या मृत्यूंमागे क्षय हे एक प्रमुख कारण राहिले आहे.

गॅमा इंटरफेरॉनचा उपयोग तपासणीतही होतो. ‘इग्रा’ या रक्तचाचणीत रुग्णाच्या पेशींना क्षयजंतूची प्रथिने देतात आणि पेशी किती गॅमा इंटरफेरॉन सोडतात ते मोजतात. त्यावरून शरीराची या जंतूशी आधी गाठ पडली आहे का, ते कळते. मात्र सीडी४ पेशी फार घटल्या असतील तर ही चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला सक्रिय क्षय नाही, याची खात्री करून प्रतिबंधक गोळ्या देतात. त्यासाठी इग्राची वाट पाहत नाहीत.

लसींच्या चाचण्यांतही हेच माप वापरले जाते. भारतातील एड्सच्या लसीची पहिली मानवी चाचणी फेब्रुवारी २००५ मध्ये पुण्याच्या नारी संस्थेत सुरू झाली. २००९ मध्ये पुणे आणि चेन्नई येथे दोन लसी एकापाठोपाठ देण्याची आणखी एक चाचणी झाली. अशा चाचण्यांत लस घेतलेल्या स्वयंसेवकांच्या टी पेशी विषाणूची प्रथिने ओळखून गॅमा इंटरफेरॉन सोडतात का, ते पाहतात. २००५ च्या चाचणीतील लस सुरक्षित होती, पण तिने दिलेला प्रतिसाद पुरेसा नव्हता.

औषध म्हणून इंटरफेरॉन: आशा आणि अपेक्षाभंग

इंटरफेरॉन विषाणूला रोखते, तर इंजेक्शन देऊन एचआयव्ही बरा का करू नये? हा प्रश्न डॉक्टरांनाही सुरुवातीपासून पडला होता. १९८८ मध्ये अमेरिकेत एड्सच्या रुग्णांना होणाऱ्या कापोसी सार्कोमा या कर्करोगासाठी अल्फा इंटरफेरॉनला मान्यता मिळाली. त्याने काही रुग्णांच्या गाठी कमी झाल्या, पण एचआयव्ही गेला नाही.

१९९० मध्ये केनियात ‘केम्रॉन’ या नावाने अत्यल्प मात्रेतील अल्फा इंटरफेरॉन तोंडावाटे देण्याच्या उपचाराचा मोठा गाजावाजा झाला. लक्षणे नाहीशी होतात, एवढेच काय, काही जण निगेटिव्ह होतात, असे दावे झाले. अगतिक रुग्णांनी त्यासाठी पैसा ओतला. पुढे नियंत्रित चाचण्या झाल्या, तेव्हा या उपचाराचा काहीही लाभ दिसला नाही. भारतातही एड्स बरा करण्याचे दावे करणाऱ्या जाहिराती अधूनमधून दिसतात. औषध नियमांच्या ‘अनुसूची जे’ मध्ये एड्सचा समावेश आहे, म्हणजे कोणत्याही औषधाने एड्स बरा होतो असा दावा करायला कायद्याने मनाई आहे.

काविळीच्या ‘सी’ विषाणूवर इंटरफेरॉनची इंजेक्शने अनेक वर्षे वापरली गेली आणि त्यांनी बरेच रुग्ण बरेही झाले. मग एचआयव्हीत ते का जमत नाही? फरक विषाणूच्या राहणीत आहे. हिपॅटायटिस सी चा विषाणू माणसाच्या गुणसूत्रात मिसळत नाही, म्हणून त्याची वाढ पुरेसा काळ थांबवली की तो संपू शकतो. एचआयव्हीचा मजकूर गुणसूत्राचाच भाग झालेला असतो. इंटरफेरॉन नवे विषाणू कमी करू शकते, पण गुणसूत्रातला तो मजकूर पुसू शकत नाही.

तरीही संशोधन थांबलेले नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका छोट्या चाचणीत एआरटीवर असलेल्या रुग्णांना दीर्घकाळ टिकणारे अल्फा इंटरफेरॉन दिले आणि मग देखरेखीखाली एआरटी थांबवली. २० पैकी ९ जणांत पुढचे १२ आठवडे विषाणू आटोक्यात राहिला. ही बरे होण्याची खूण नव्हे, पण योग्य वेळी दिलेले इंटरफेरॉन साठ्यावर परिणाम करू शकेल का, हा प्रश्न त्यामुळे जिवंत राहिला. याचे दुष्परिणाम मात्र कमी नाहीत. तीव्र ताप, थकवा, रक्तपेशी घटणे आणि नैराश्य हे त्यातले ठळक. आज एचआयव्हीच्या नेहमीच्या उपचारात इंटरफेरॉनला स्थान नाही.

आज रुग्णासाठी याचा अर्थ काय?

इंटरफेरॉनची अखंड दवंडी थांबवण्याचा आज हाती असलेला सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे एआरटी. ही औषधे विषाणूची वाढ रोखतात. विषाणू घटला की इंटरफेरॉनने चालू झालेली जनुकेही बहुतांश शांत होतात आणि सीडी४ पेशी सावरू लागतात. एआरटी लवकर सुरू केली तर दडून बसणारा साठाही लहान राहतो. भारतात सरकारी केंद्रांत एआरटी मोफत देण्याची सुरुवात १ एप्रिल २००४ पासून झाली. २०१७ पासून सीडी४ पेशींचा आकडा कितीही असला, तरी निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. उपचाराने रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न मोठा आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशातील सुमारे २४ लाख एचआयव्हीबाधितांपैकी जवळपास ४ लाख महाराष्ट्रात होते. ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक आहे. महाड-पोलादपूरसारख्या भागात पावसाळ्यात ताप आला की आधी हिवताप, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस यांचा विचार होतो आणि तो योग्यच आहे. मात्र तापाआधीच्या काही आठवड्यांत असुरक्षित संबंध आला असेल किंवा दूषित सुई टोचली असेल, तर ते डॉक्टरांना सांगायला हवे. इंटरफेरॉनचा ताप इतर तापांपेक्षा वेगळा दिसत नाही. त्याचे खरे कारण फक्त चाचणीच सांगते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*रक्तातील इंटरफेरॉन मोजून एचआयव्ही कळतो का?*
नाही. इंटरफेरॉन जवळपास प्रत्येक विषाणूजन्य आजारात वाढते. एचआयव्हीसाठी प्रतिपिंडांची, पी-२४ ची किंवा विषाणूच्या आरएनएची चाचणी करावी लागते.

*संपर्कानंतर लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह आली तर?*
संसर्ग ताजा असेल तर प्रतिपिंडे अजून तयार झालेली नसतात. म्हणून समुपदेशकाच्या सल्ल्याने तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करतात. संपर्काला ७२ तास झाले नसतील, तर वेळ न दवडता सरकारी रुग्णालयात जावे. तिथे २८ दिवसांची प्रतिबंधक औषधे सुरू करता येतात.

*इंटरफेरॉन वाढवणाऱ्या गोळ्या किंवा काढे घ्यावेत का?*
एचआयव्हीसाठी अशा कोणत्याही गोळीचा किंवा काढ्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. संसर्ग जुना असेल तर इंटरफेरॉन आधीच गरजेपेक्षा जास्त काळ चढलेले असते. एआरटी थांबवून असे उपाय करणे धोक्याचे आहे.

*चाचणीची माहिती गुप्त राहते का?*
हो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार चाचणीसाठी व्यक्तीची संमती लागते आणि निकाल गोपनीय ठेवावा लागतो. माहितीसाठी १०९७ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे.